दम वाढतो, पण थांबायला कुणी शिकवत नाही: नेरूळच्या एका महिला फुटसाल बॅचचं परीक्षण

आठ आठवडे, सोम-बुध-शुक्र, संध्याकाळी पावणेसात ते आठ. १६ जणींची मर्यादा. फी ४,८०० रुपये, म्हणजे एका वर्गाचे २०० रुपये पडतात. नवी मुंबईतल्या नेरूळच्या एका बंदिस्त हॉलमध्ये फुटसालची, म्हणजे सपाट कोर्टवरच्या पाच-पाच जणींच्या फुटबॉलची, ही बॅच चालते; तिला ऐरोली, घणसोली, खारघरहून मुली येतात. ट्रान्स-हार्बर लोकलने थेट उतरता येतं म्हणून ठाण्याच्याही काहीजणी असतात. बॅचचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही, कारण पुढे सांगितलेल्या त्रुटींपैकी निम्म्या तरी या पट्ट्यातल्या कुठल्याही फिटनेस बॅचला लागू पडतील.

पैसे मोजावेत असं पहिलं कारण म्हणजे इथली जमीन. ठाणे-नवी मुंबईत ‘फुटबॉल टर्फ’ म्हणून जे तासावर मिळतं ते बहुतेक ठिकाणी क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही भागवणारं, जाळी लावलेलं कृत्रिम गवत असतं. त्यावर पाच-पाच जणींचा खेळ होतो, पण तो फुटसाल नव्हे. फुटसालचा चेंडू मुळातच कमी उसळणारा, तो गवतात रुततो आणि मग लोक सरळ पाच नंबरचा, म्हणजे साध्या फुटबॉलचा चेंडू आणतात. इथे जोडून बसवलेल्या प्लास्टिक टाइल्सची सपाट जमीन आहे आणि कोर्ट २८ बाय १६ मीटरचं. आंतरराष्ट्रीय सामन्याला ३८ ते ४२ मीटर लांबी आणि २० ते २५ मीटर रुंदी लागते. त्यापुढे हे लहानच, पण स्थानिक खेळासाठी नियमात बसतं. एका गोलखांबाजवळच्या दोन टाइल्स मात्र दाबल्या की हलतात. वर्ग सुरू होण्याआधी त्या टाचेने दाबून बसवा, नाहीतर नेमक्या वळताना बुटाची कड तिथे अडकते.

बुटांबाबत हॉलवाले काका कडक आहेत आणि ते योग्यच आहे. सपाट, डाग न पाडणारा रबरी तळवा असेल तरच आत सोडतात. टर्फवरचे बारीक रबरी गुंडीवाले बूट टाइलवर टेकतात फक्त गुंड्यांवर, त्यामुळे पकड अचानक सुटते. शंका असेल तर तळवा पांढऱ्या कागदावर जोरात घासून बघा. काळी रेघ उमटली तर तो बूट हॉलचा नाही. पावसाळ्यात हा जोड पिशवीतून आणायचा आणि आत आल्यावरच घालायचा. ओल्या तळव्याने आलेली एकजण अख्ख्या कोपऱ्याची घसरगुंडी करून ठेवते.

आता मुख्य मालाकडे, म्हणजे इंटरव्हल ट्रेनिंगकडे: थोडा वेळ जोर, थोडा वेळ विश्रांती, पुन्हा जोर. फुटसालचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा. ऐकायला सोपं वाटतं, पण चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबतं, त्यामुळे ४० मिनिटं म्हणजे ४० मिनिटं खरा खेळ. बदली खेळाडूंवर मर्यादा नाही; तीन-चार मिनिटं जीव तोडून खेळायचं, बाहेर बसायचं, परत आत जायचं. चेंडू बाजूने आत टाकायला चारच सेकंद मिळतात, म्हणजे रेंगाळून श्वास घेण्याचीही सोय नाही. कोर्टवर असताना हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या साधारण ८५ ते ९० टक्क्यांवर राहतात. पाम बीच रोडवर रोज पाच किलोमीटर धावणाऱ्या मुली इथे पहिल्या आठवड्यात धापा टाकताना दिसतात, त्याचं कारण हेच. त्यांचा दम खोटा नसतो. एका लयीत सरळ धावायची सवय असलेल्या शरीराला दर काही सेकंदांनी थांब, वळ, परत पळ हे नवं असतं.

बॅचच्या कोचला हे नीट कळतं, हे पहिल्याच दिवशीच्या चाचणीवरून दिसतं. कूपर टेस्टसारखं १२ मिनिटं गोल गोल पळवण्याऐवजी इथे ३०-१५ चाचणी घेतात: ३० सेकंद धाव, १५ सेकंद चालत विश्रांती, सुरुवात ताशी ८ किलोमीटरने आणि दर टप्प्याला अर्धा किलोमीटर वाढ. मूळ चाचणी ४० मीटरच्या पट्ट्यावर होते, पण बंदिस्त कोर्टासाठी २८ मीटरची आवृत्ती आहे आणि इथल्या लांबीत ती तंतोतंत बसते. बीप वाजेल तेव्हा रेषेआधीच्या तीन मीटरच्या पट्ट्यात पोचलेलं असायला हवं. सलग तीनदा हुकलं की संपलं. शेवटचा पूर्ण केलेला टप्पा हा आपला वेग. हॉलमध्ये आवाज घुमतो, म्हणून स्पीकर एका टोकाला न ठेवता मधल्या रेषेवर ठेवावा लागतो, तेवढं ते पाळतात.

या चाचणीचं खरं मोल पुढच्या हिशोबात आहे, आणि बॅच पहिल्यांदा घसरते तीही इथेच.

सोमवारी १५-१५ असतं: १५ सेकंद धाव, १५ सेकंद थांबा, अशी सहा मिनिटं, मग तीन मिनिटं विश्रांती आणि पुन्हा सहा मिनिटं. धाव चाचणीतल्या वेगाच्या ९५ टक्क्यांनी घ्यायची, २० मीटरच्या पट्ट्यावर. समजा एखादीचा वेग ताशी १५ किलोमीटर आला. त्याचे ९५ टक्के १४.२५, म्हणजे सेकंदाला ३.९६ मीटर. २० मीटरच्या पट्ट्यावर दोनदा वळावं लागतं आणि एका वळणात साधारण ०.७ सेकंद जातात. १५ मधून १.४ वजा केले की उरतात १३.६ सेकंद. गुणाकार येतो ५४ मीटर. म्हणजे जा, ये, आणि तिसऱ्या वेळी १४ मीटरवरच्या मार्करपर्यंत. १३ वेग असलेलीला ४७ मीटर, म्हणजे तिसरा मार्कर ७ मीटरवर. साडेसोळावालीला ५९, म्हणजे १९ मीटरवर.

इतकं सगळं मोजून झाल्यावर बॅचमध्ये मार्कर लावतात दोनच: ७ आणि १४ मीटरवर. १६ जणींना दोन रांगा. परिणाम असा की जिचा वेग १४ आहे ती १४ मीटरच्या, म्हणजे वेगवान रांगेत टाकली जाते आणि तिला ५० ऐवजी ५४ मीटर कापावे लागतात; तो वेग तिच्या चाचणीतल्या शेवटच्या वेगाहूनही किंचित जास्त पडतो. चौथ्या मिनिटाला ती कडेला उभी असते आणि समजते की आपल्यातच दम नाही. उलट साडेसोळावाली त्याच रांगेत ८७ टक्क्यांवर आरामात फिरते आणि आठ आठवड्यांनी होती तिथेच असते. उपाय फुकटचा आहे: ७, १०, १४ आणि १९ मीटरवर चार रंगांचे मार्कर आणि प्रत्येकीला तिचा रंग. रंग लावून दिलेत का, हे पहिल्या सोमवारी विचाराच. कोच माणूस ऐकून घेणारा आहे.

घड्याळावरून आरडाओरडा हा दुसरा दोष. ‘ठोके १८० च्या वर दिसले पाहिजेत’ असं सगळ्यांना एकच फर्मान. कमाल ठोक्यांचं बरं सूत्र २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं आहे. तिशीतल्या बाईला ते १८७ येतं, पंचेचाळिशीतलीला १७६-१७७. म्हणजे तिला १८० म्हणजे छतावर चढायला सांगणं झालं. सूत्रही माणसागणिक दहा ठोके इकडेतिकडे असू शकतं. त्यात मनगटी घड्याळ १५ सेकंदांच्या धावेत मागेच राहतं. ते आकडा दाखवेपर्यंत विश्रांती सुरू झालेली असते. छातीचा पट्टा असेल तर ठीक, नाहीतर साधा उपाय बरा: वर्ग संपल्यावर १५-२० मिनिटांनी ‘किती जड गेलं’ ते ० ते १० मध्ये सांगायचं आणि मिनिटांनी गुणायचं. ७ गुणिले ७५ म्हणजे ५२५. हा आकडा ग्रुपवर टाकायला अर्धा मिनिट लागतो आणि आठवड्याची बेरीज एकदम फुगली तर लगेच दिसते.

बुधवार वेगाचा. २० मीटर जाऊन परत, अशा सहा धावा, मध्ये २० सेकंद उभं राहून विश्रांती; पाच मिनिटांनी पुन्हा सहा. इथे बहुतेकजणी नकळत चोरी करतात: पहिली धाव हातचं राखून घेतात म्हणजे शेवटची बरी दिसते. ते पकडायचं तर आधी एकच धाव पूर्ण जोराने घेऊन वेळ लिहून ठेवायची. मालिकेतली पहिली धाव त्याहून अडीच टक्क्यांपेक्षा जास्त मंद आली तर थांबवायचं आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करायचं. बॅचमध्ये हे पाळतात, शाबास. घसरण काढायची रीतही बरोबर आहे. सर्वात चांगली धाव ७.८ सेकंदांची असेल तर सहाची आदर्श बेरीज ४६.८; प्रत्यक्षात ४९.२ झाली तर घसरण ५.१ टक्के. फक्त वेळ हाताने स्टॉपवॉचवर घेतात आणि अंगठ्याची चूक सहज ०.२ सेकंद होते. ७.८ वर तीच अडीच टक्के झाली. त्यामुळे ‘तुमची घसरण ५.१ वरून ४.४ झाली’ असं कुणी सांगितलं तर हुरळून जाऊ नका. मोबाइल तिपाईवर ठेवून स्लो-मोशनमध्ये चित्रण केलं तर पैसा न खर्चता हा गोंधळ मिटतो.

शुक्रवार हा या बॅचचा सर्वात चांगला दिवस. तीन विरुद्ध तीन, २० बाय १५ मीटरच्या चौकोनात, तीन मिनिटांचे चार खेळ, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. सामन्यात बदली होईपर्यंत कोर्टवर जी एक खेप खेळायची, तिची ही जवळजवळ हुबेहूब नक्कल. छोटे सामने सगळेच घेतात, पण ते घेण्यात ढिलाई असते: चेंडू खुर्च्यांखाली गेला, तो आणायला एकजण गेली, बाकीच्यांनी पाणी प्यायलं, ठोके उतरले, इंटरव्हल संपलं. इथे आठ चेंडू चारी बाजूंना ठेवलेले असतात आणि एक बाहेर जाताच कोच दुसरा आत ढकलतो. गोल तेव्हाच मोजतात जेव्हा संघातल्या तिघीही मधल्या रेषेपलीकडे असतात, त्यामुळे मागे उभं राहून बघणारी कुणी उरत नाही. ‘ताई, गोल नाही, तुम्ही मागे राहिलात!’ हे वाक्य दर शुक्रवारी दहा वेळा ऐकू येतं.

चेंडूंत मात्र भेसळ आहे. आठपैकी तीन साधे पाच नंबरचे. फुटसालचा चेंडू चार नंबरचा, घेर ६२ ते ६४ सेंटिमीटर, वजन ४०० ते ४४० ग्रॅम, आणि दोन मीटरवरून सोडला तर पहिली उसळी ५० ते ६५ सेंटिमीटर. घरी तपासायचं तर दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेपेक्षा किंचित खालून सोडा. गुडघ्याच्या जरा वर यायला हवा, कमरेपर्यंत आला तर तो चेंडू नव्हे. हवा जास्त भरली तरी हेच होतं. उसळणाऱ्या चेंडूने खेळ हवेत जातो, तळव्याने चेंडू दाबून वळण्याची संधीच येत नाही आणि धावणंही सरळसरळ होतं, म्हणजे शुक्रवारचा निम्मा फायदा गेला.

आणि आता सर्वात मोठी तक्रार. ही बॅच पळायला शिकवते, थांबायला नाही.

सोमवारचा हिशोब बघा. सहा मिनिटांत १२ धावा, प्रत्येक धावेत दोन वळणं, दोन फेऱ्या: एका संध्याकाळी ४८ वळणं. बुधवारी आणखी १२. शुक्रवारची तर मोजदादच नाही. मैदानी खेळांत गुडघ्याच्या आतल्या पुढच्या तिरक्या बंधाची, म्हणजे ज्याला सगळे एसीएल म्हणतात त्याची, दुखापत तेच खेळ खेळणाऱ्या पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने जास्त होते, आणि ती बहुतेकदा कुणी न धडकता, थांबताना, वळताना किंवा उडी मारून उतरताना होते. अशा वेळी वळणं मोजून देणाऱ्या बॅचने ती कशी घ्यायची हे सांगायला हवं. इथे गरम होण्यासाठी आठ मिनिटं कोर्टाभोवती फेऱ्या आणि वाकून पायाला हात, एवढंच आहे.

चूक नेमकी अशी दिसते: रेषेशी येताना एकच लांब टांग, गुडघा जवळजवळ सरळ, पाऊल शरीरापासून लांब बाहेर, कंबरेवरचा भाग रेषेकडे झुकलेला. सगळा भार एका पायावर येतो आणि गुडघा आतल्या बाजूला कोसळतो. बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे, पण दोन आठवड्यांत अंगवळणी पडते. रेषेच्या तीन-चार पावलं आधीच पावलं आखूड करायची, ढुंगण मागे आणि खाली, छाती पायांच्या वर, शेवटच्या पावलात गुडघा अंगठ्याच्या दिशेने वाकलेला. आणि दोन्ही टोकांना वळताना तोंड हॉलच्या एकाच भिंतीकडे ठेवायचं. मग एका टोकाला डावा पाय रोवला जातो, दुसऱ्याला उजवा. हे कुणी सांगितलं नाही तर उजव्या पायाच्या मुली सगळी ४८ वळणं एकाच पायावर घेतात आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीखाली बर्फ लावत बसतात.

यासाठी नवं काही शोधायची गरज नाही. फिफाचा ‘११+’ हा वॉर्म-अप २० मिनिटांचा आहे, १५ व्यायामांचा, खास साधनं लागत नाहीत: आठ मिनिटं धावण्याचे प्रकार, दहा मिनिटं ताकद-उड्या-तोल, दोन मिनिटं वेगवान धावा. नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींवर त्याची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २००८ साली आले आणि दुखापती स्पष्टपणे घटल्या. ७५ मिनिटांच्या वर्गात २० मिनिटं त्यात गेली तर उरलेली ५५ कमी पडत नाहीत. सोमवारचं मूळ काम विश्रांतीसकट १५ मिनिटांचं आहे, हे विसरू नये. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठीचा नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कुणीतरी धरलेले असताना हळूहळू पुढे झुकण्याचा) बॅचमध्ये आहे, पण शुक्रवारी शेवटच्या दहा मिनिटांत, पाय लटपटत असताना. तिथे तो होत नाही, फक्त उरकला जातो. बुधवारी धावांच्या आधीही नको, कारण ताणलेल्या मांडीवर लगेच पूर्ण वेग धोक्याचा. सोमवारी धावा आटोपल्यावर, पाच मिनिटं थांबून, पहिल्या आठवड्यात दोन वेळा चार-चार आणि शेवटी तीन वेळा आठ-आठपर्यंत, असं चढत गेलेलं बरं. पहिल्याच दिवशी तीन वेळा दहा केले तर दुसऱ्या दिवशी नेरूळ स्टेशनचा जिना उतरताना आठवण येते.

गोलरक्षक मुलींवर तर सरळ अन्याय आहे. दोघी होत्या आणि दोघींनाही इतरांसारखंच १५-१५. गोलरक्षकाचं काम तीन ते पाच सेकंदांच्या झटक्यांचं: बाजूला सरक, पसर, उठ, चेंडू हातात आला की चार सेकंदांत फेक. तिला २० सेकंद काम आणि ४० सेकंद विश्रांती, अशा आठ खेपा, प्रत्येक खेपेत चार फटके आणि एक लांब फेक, हे कितीतरी उपयोगी. ३ बाय २ मीटरच्या गोलपुढे एक मदतनीस आणि सहा चेंडू पुरतात. सध्या तरी गोलरक्षकाने या बॅचला पैसे देऊ नयेत.

प्रवेशाच्या फॉर्मवर वजन विचारतात, उंची विचारतात, हिमोग्लोबिन विचारत नाहीत. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर १५-१५ मध्ये पाय आधी जातात आणि कितीही मन घट्ट केलं तरी जातात. आठ आठवड्यांची फी भरण्याआधी सीबीसी (हिमोग्लोबिन दाखवणारी रक्ततपासणी) आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा) तपासून घेतलं तर निम्म्या ‘आळशी’ मुली आळशी ठरणार नाहीत. पाळीच्या दिवसांत वर्ग बुडवायची सक्ती नाही, यायचीही नाही. त्या दिवशी एक फेरी कमी करायची मुभा कोच देतात, पण स्वतःहून मागावी लागते. स्वच्छतागृह एकच, तरी स्वच्छ आहे, आत झाकणाचा डबा आहे आणि कडी लागते. बाहेरच्या गल्लीतला दिवा चालू असतो आणि आठनंतर स्टेशनला शेअर रिक्षा मिळते.

हॉल पत्र्याचा, भिंतीवरचे सहा पंखे, खिडक्या अर्ध्याच उघडतात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात घाम सुकतच नाही. वर्गाआधी आणि नंतर वजन करून बघा: ६० किलोची ५९.२ झाली आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायली असेल, तर घाम साधारण १.३ लिटर गेला. घटलेल्या ८०० ग्रॅमसाठी पुढच्या दोन-तीन तासांत एक ते सव्वा लिटर, थोडं मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा ताक धरून. नुसतं साधं पाणी ढसाढसा प्यायलं तर ते लगेच बाहेर जातं.

नेरूळलाच, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, २०२२ साली १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. फुटसालमध्ये भारताचा महिला संघ आशियाई पात्रता स्पर्धेत पहिल्यांदा उतरला तो जानेवारी २०२५ मध्ये, इंडोनेशियात. महिलांचा पहिला फिफा फुटसाल विश्वचषक त्याच वर्षाअखेर फिलिपिन्समध्ये भरला. खेळ इतका नवा असताना सपाट जमिनीवर, हिशोबाने इंटरव्हल देणारी बॅच मिळणं हेच मोठं, म्हणून पाचपैकी साडेतीन. चार मार्कर आणि ‘११+’ आलं तर साडेचार द्यायला हरकत नाही.

बुडालेला वर्ग पुढच्या बॅचमध्ये भरून देतात, पण सलग दोन आठवडे गेले असतील तर परतल्यावर पहिल्या सोमवारी एकच फेरी करा, मार्कर एक घर मागे घ्या आणि बुधवारच्या धावा सहाऐवजी चार. हे रजिस्टरवर लिहून घ्यायला सांगा, कारण पाहुण्या कोचला ते माहीत नसतं.